गळा कुणाचा, गोष्ट कुणाची?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरातून सर्वांत आधी देव्हारा बाहेर जातो. खंडोबाचा टाक, लक्ष्मीआईची परडी, म्हसोबाचा नवस हे सारे एका दिवसात सुटते, कारण बावीस प्रतिज्ञांत त्याविषयी कसलाही आडपडदा नाही. पण ज्या घरात तीन-तीन पिढ्या गोंधळ, भारूड, पोतराजाची गाणी, वाघ्या-मुरळीचे जागरण चालत आले, त्या घरातील माणसाच्या गळ्याचे काय करायचे? गळा काही नदीत सोडून देता येत नाही. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नवदीक्षित कुटुंबांशी बोलताना वडीलधाऱ्या माणसांनी हा प्रश्न मला अनेकदा विचारला आहे. "गुरुजी, मग आता आम्ही गायचंच नाही का?"

त्याच घरातली आई दुसरा प्रश्न विचारते. तिचा मुलगा कानात वायरी अडकवून, मान हलवत, हातवारे करत काहीतरी भराभर पुटपुटत असतो. त्याला तो रॅप म्हणतो. आईला त्यातले चार शब्द कळतात आणि तेही रागाचे वाटतात. "ह्याला गाणं म्हणायचं का भांडण?" असे ती विचारते.

माझ्या मते हे दोन प्रश्न नसून एकच आहे. आजोबांचा गळा आणि नातवाचा गळा एकाच कामासाठी तयार झालेले आहेत. ते काम म्हणजे ठेक्यावर गोष्ट सांगणे. हे काम कसे चालते, त्यात आवाज नेमके काय करतो, आणि कोठे चुकतो, एवढेच आज आपण पाहू.

रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेले गाणे. त्यात सुरांचा चढउतार थोडा आणि शब्द फार. चार ठोक्यांचा एक घास. त्या घासात बसतील तितके शब्द बसवायचे आणि चौथ्या ठोक्याच्या आसपास यमक टाकायचे, हा त्याचा ढोबळ हिशोब. हा हिशोब आपल्या लोकांना नवा नाही. गोंधळी संबळाच्या ठेक्यावर अर्धे गातो, अर्धे बोलतो आणि रात्रभर आख्यान चालवतो. आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) यांनी 'फटका' हा प्रकार लोकप्रिय केला. त्यात शाहीर समोरच्या माणसाला थेट उद्देशून, एका दमात, आसूड ओढावा तसे बोलतो. फंदींचा उपदेश आपल्याला सगळाच पटण्यासारखा नाही, तो त्यांच्या काळाचा आणि त्यांच्या वर्णाचा आहे. पण ऐकणाऱ्याची गचांडी धरून बोलण्याची ती तऱ्हा आजच्या रॅपरने ऐकली तर तो तिला परकी म्हणणार नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर आपल्या चळवळीने नव्वद वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे, ते म्हणजे आंबेडकरी जलसा. तमाशाचा क्रम ठरलेला होता: आधी देवाला आळवणारा गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीने हा साचा प्रबोधनासाठी हाती घेतला, आणि १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील शाहीर भीमराव कर्डक हे त्यातील अग्रणी. जलसाकारांनी ढोलकी ठेवली, तुणतुणे ठेवले, सोंगाड्या ठेवला, सवाल-जवाब ठेवले. देवाचे स्तवन गेले, गवळणीची छेडछाड गेली, आणि त्या जागी शाळा, सावकार, दारू, गावकीची कामे, मंदिरप्रवेश हे विषय आले. म्हणजे भांडे तेच ठेवून आतले पाणी बदलले. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार आजही सांगितले जातात.

बाबासाहेबांसारखा वक्ता असे का म्हणाला असेल? सभेत वक्ता अन्यायाविषयी बोलतो. जलशात मात्र पाटील आणि त्याच्यापुढे उभा असलेला म्हातारा वेसकर हे दोघेही प्रत्यक्ष बोलतात, आणि अनेकदा दोघेही एकाच माणसाच्या गळ्यातून बोलतात. पाटलाचे वाक्य आले की आवाज जड होतो, हनुवटी वर जाते. वेसकराचे आले की आवाज आत वळतो. आणि मग वगाच्या शेवटाकडे त्याच वेसकराचा मुलगा शाळा शिकून येतो आणि त्याच पाटलाला उत्तर देतो, तेव्हा त्याचा आवाज बापासारखा आत वळत नाही. समोर बसलेल्या निरक्षर माणसाला व्याख्यानातले 'स्वाभिमान' हे अक्षर कळले नसेल, पण आवाजातला हा फरक त्याला लागलीच कळतो. त्याच्या अंगावर काटा येतो तो त्या फरकामुळे.

जलशाची ही शिदोरी पुढे अनेकांनी नेली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि त्यानंतर त्यांनी हजारो गीते लिहिली. आपल्या नगर शहरात, नालेगावात, १९५२ साली जन्मलेले शाहीर दादू साळवे हे त्याच परंपरेतले. या मंडळींनी सिनेमाच्या चालीसुद्धा बेधडक वापरल्या. चाल कुणाचीही असो, शब्द आपले हवेत, हा त्यांचा बाणा होता. तेव्हा आजोबा, आपण गायचे आहे. फक्त गोष्ट बदलायची आहे.

शाहिराचे गाणे ऐकताना आपले लक्ष शाहिराकडे असते. एकदा मुद्दाम त्याच्या मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांकडे लक्ष द्या. शाहीर कडव्याच्या शेवटच्या शब्दावर येतो, तो शब्द झीलकरी उचलतात, उंच स्वरात धरून ठेवतात. आणि तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढचे कडवे आठवतो, गर्दीकडे पाहतो. झील ही शोभेसाठी नसते, ती शाहिराची फुप्फुसे असते. आता रॅपचा एखादा कार्यक्रम पाहा. मुख्य रॅपरच्या बाजूला दुसरा माईक घेऊन एक जोडीदार उभा असतो. तो ओळीतले सगळे शब्द म्हणत नाही, फक्त शेवटचा एखाददुसरा शब्द बरोबरीने म्हणतो. पोरांना वाटते तो जोश वाढवायला उभा आहे. जोश वाढतोच, पण तो तेथे झील धरतो आहे. जात्यावर ओवी गाणाऱ्या आपल्या आयाबायांना झीलकरी नव्हते. त्यांना जात्याची घरघर तेवढी उसंत देत असे.

श्वासाचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी म्हणेल. मी वर्गात फळ्यावर तीन शब्द लिहितो: गुन्हेगार नाही निर्दोष. 'गुन्हेगार नाही' म्हणून थांबलात तर माणूस सुटला. 'गुन्हेगार' म्हणून थांबलात तर तो अडकला. लिहिताना स्वल्पविराम हे काम करतो, गाताना श्वास करतो. भराभर बोलण्याच्या नादात जो रॅपर सापडेल तेथे श्वास घेतो, त्याची गोष्ट वाटेत सांडते. गाणे पाठ करण्यापूर्वी कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या जागा खुणावून घ्याव्यात, हा साधा उपाय आहे. खूण ओळ संपते तेथे करायची नसते, अर्थ संपतो तेथे करायची असते.

रॅपचा जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात काळ्या आणि लॅटिन वंशाच्या गरिबांची वस्ती आहे. तेथे ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने, शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून, इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, तबकड्या वाजवल्या. रॅपचा आरंभ सामान्यतः त्या रात्रीपासून मोजतात. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर स्थापन झाली होती आणि तिने आपले नाव तेथील काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. त्याही आधी १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या समाजाचे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. तेव्हा या दोन समाजांची ओळख जुनी आहे.

सुरुवातीचे रॅप बहुतांशी मौजेचे होते. १९८२ साली 'द मेसेज' हे गाणे आले आणि त्यात मोडक्या वस्तीत राहणाऱ्या माणसाने आपल्या डोळ्यांपुढे दिसणारे सांगितले. त्यासाठी गाण्याची गती मुद्दाम कमी ठेवली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नाचवायचे असेल तर गती वाढवावी, सांगायचे असेल तर कमी करावी, ही गोष्ट त्यांनाही कळली होती आणि आपल्या कीर्तनकाराला, शाहिरालाही कळत होती.

पुढे १९८८ साली स्लिक रिक नावाच्या रॅपरच्या पहिल्या तबकडीवर 'चिल्ड्रन्स स्टोरी' हे गाणे आले. झोपायच्या वेळी मुले गोष्ट मागतात आणि काका गोष्ट सांगतो, अशी त्याची मांडणी आहे. मुलांचे बोलणे तोच बारीक आवाज काढून म्हणतो. मग मवाळ, जवळजवळ लाडिक आवाजात तो एका किशोरवयीन मुलाची हकीकत सांगू लागतो. तो मुलगा लुटालूट करू लागतो, पाठलाग होतो, आणि शेवटी पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. काकाचा आवाज मात्र अंगाईचाच राहतो. हीच त्यातली खरी करामत. सांगणाऱ्याने रडायचे नाही, ओरडायचे नाही. मग रडण्याचे काम ऐकणाऱ्यावर येते. आपला सोंगाड्या दुःखाचा प्रसंग हसत हसत सांगतो तेव्हा तो हेच करीत असतो. तमाशात आयुष्य काढलेल्या आपल्या कलावंतांना, संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर (निधन २०२१) यांच्यासारख्यांना, हे शास्त्र कोणत्याही विद्यापीठाने शिकवले नव्हते. हजारो माणसांच्या शांततेने आणि शिट्ट्यांनी शिकवले.

आपल्या देशातले अलीकडचे उदाहरण तमिळनाडूचे आहे. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे देशभर गाजले. त्यातले शब्द अरिवू या दलित तरुणाचे. त्यामागे त्याच्या आजीची हकीकत आहे: तिच्यासारखी भूमिहीन माणसे श्रीलंकेच्या चहामळ्यात राबायला गेली आणि राबून परतल्यावरही भूमिहीनच राहिली. अरिवूच्या आवाजात त्यांच्याकडील मृत्यूच्या वेळी गायल्या जाणाऱ्या शोकगीताची धाटणी मिसळलेली आहे, म्हणून नाचायला लावणाऱ्या त्या गाण्याखाली एक हुंदका ऐकू येतो. त्याच वर्षी एका प्रसिद्ध संगीतविषयक मासिकाने इतर कलावंतांना मुखपृष्ठावर घेतले आणि अरिवूला वगळले, तेव्हा दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला. गळा कुणाचा, गोष्ट कुणाची, आणि नाव कुणाचे, हे विचारत राहावे लागते.

महाराष्ट्रातही अमरावतीचा विपिन तातड यांच्यासारखे तरुण आंबेडकरी विचार रॅपमधून मांडू लागले आहेत. पण मी आता तुम्हाला रॅपपेक्षा फार जुने गाणे दाखवतो, आणि ते आपल्या स्वतःच्या घरातले आहे.

थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीच्या सोळा गाथा आहेत. पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीतही मालकिणीच्या माराच्या आणि बोलण्याच्या भीतीने तिला नदीत उतरावे लागे. तेथे तिला एक ब्राह्मण थंडीने थरथरत नदीत स्नान करताना दिसतो. ती त्याला विचारते की मी भीतीपोटी पाण्यात उतरते, तू कुणाला भितोस? तो सांगतो की मी पाप धुऊन काढतो आहे. त्यावर ती जे उत्तर देते त्याला तोड नाही. स्नानाने पाप जात असेल तर बेडूक, कासवे, साप, सुसरी सगळे स्वर्गात जातील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही वाहून नेईल, मग तुझ्याजवळ उरणार काय? ब्राह्मण निरुत्तर होतो आणि तिला वस्त्र देऊ करतो. ती म्हणते, वस्त्र तुलाच राहू दे. दुःखाला भीत असशील तर उघड किंवा लपून वाईट कर्म करू नकोस. अखेर तो शरण येतो.

हे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. येथे निवेदक मध्ये येऊन 'जातिभेद वाईट आहे' असे म्हणत नाही. दोन माणसे पाण्यात उभी आहेत, दोघांनाही थंडी वाजते आहे, आणि दोघे बोलत आहेत. थंडी सारखीच, पण थंडीचे कारण वेगळे. जलशाचा वग यापेक्षा वेगळा काय असतो?

वर्गातले एक उदाहरण सांगतो. पाथर्डी-शेवगाव भागातून दरवर्षी सहामाही परीक्षेच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. अशाच एका घरातल्या मुलाला रॅपचे वेड. त्याने लिहून आणलेल्या पहिल्या गाण्यात अन्याय, अत्याचार, शोषण, क्रांती हे सगळे शब्द होते आणि तो स्वतः कोठेच नव्हता. मी त्याला इतकेच म्हटले की अन्याय झाला तेव्हा तू कोठे उभा होतास, ते सांग. चार दिवसांनी त्याने हे आणले:

सहामाहीचा पेपर अजून दप्तरात होता,
मुकादमाचा ट्रॅक्टर आला, बापानं घेतला कोयता.
आईनं भांडी बांधली, बांधली पिठाची गोण,
मी विचारलं, "माझी शाळा?" बोललंच नाही कोण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात आणि उचलही त्या जोडीवर मिळते. म्हणजे बापाने कोयता घेतला तेव्हा आईही त्यात आली. मुलाला हा दुहेरी अर्थ शिकवावा लागला नाही, तो त्याच्या घरातलाच होता.

पहिल्यांदा म्हणताना त्याने शेवटची ओळ मूठ उगारून, ओरडून म्हटली. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि विषय संपला. मग त्याला सांगितले की 'माझी शाळा?' येथे थांब, बाकावरचा ठेकाही थांबू दे, मनात दोन ठोके मोज आणि उरलेले तीन शब्द शेजारच्याशी बोलावे तसे बोल. त्याने तसे केले. या खेपेला टाळी वाजली नाही. मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "मग तू कुठं राहिलास?" गोष्ट पोहोचल्याची हीच खूण असते. टाळी गाणाऱ्यासाठी असते, प्रश्न गोष्टीसाठी असतो.

एखादा कडक परीक्षक 'कोण' खोडून 'कोणी' करील. व्याकरण जिंकेल, यमक जाईल आणि त्या घरातला माणूसही जाईल. विनयपिटकात कथा आहे की दोन ब्राह्मण कुळातील भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बांधण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या बोलीत धम्म शिकण्यास सांगितले. गाण्यातली बोली मी लाल शाईने खोडत नाही, ती याच आधारावर.

आता एक अवघड गोष्ट. २०१४ साली आपल्या जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, एका शाळकरी दलित मुलाचा जातीच्या रागातून खून झाला. २०१७ साली सत्र न्यायालयात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. अशा घटनांवर आपली मुले गाणी करतात, आणि केलीच पाहिजेत. न्यायालयात माणसे गप्प होतात तेव्हा कोणीतरी बोलले पाहिजे. पण अशी गाणी ऐकताना पुष्कळदा मला अस्वस्थ वाटते. गाणारा मरणाऱ्याची किंकाळी काढून दाखवतो, मारहाणीचा आवाज ढोलावर काढतो, आईचा आक्रोश स्वतः करून दाखवतो. समोर बसलेल्या गर्दीत त्याच घरातले कोणी असेल तर? किंकाळीची नक्कल केल्याने गोष्ट मोठी होत नाही, मेलेला माणूस मात्र करमणुकीचे साधन होतो. अशा वेळी सांगणाऱ्याने घटनेच्या आधीचे आणि नंतरचे सांगावे, आवाज खाली ठेवावा, त्या कुटुंबाला विचारून गावे, आणि जे ठाऊक नाही ते यमकासाठी घालू नये. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. २०२३ साली राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांबद्दल पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले, तेव्हा पुष्कळ लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गाण्याला अजून लोक घाबरतात, ही समाधानाची बाब आहे. पण म्हणूनच आपला प्रत्येक शब्द पुराव्यावर उभा हवा.

आवाजाविषयी भगवंतांनी स्वतः एक इशारा देऊन ठेवला आहे. भिक्खू धम्मपाठ लांब ताना घेऊन गाऊ लागले, तेव्हा त्यांनी त्याचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतः त्या स्वरात गुंततो; ऐकणारे गुंततात; आमच्यासारखेच हेही गातात, असे गृहस्थ म्हणू लागतात; स्वर साधण्याच्या नादात समाधी मोडते; आणि पुढची पिढी तेच उचलते. मात्र स्पष्ट, लयीत म्हणण्याला त्यांनी परवानगी दिली. हा नियम भिक्खूंच्या पाठासाठी आहे, गृहस्थांच्या गाण्यावर बंदी नाही. तरी त्यातले मर्म शाहिराला आणि रॅपरलाही लागू पडते. आवाज स्वतःकडेच पाहू लागला की गोष्ट मागे राहते. एका श्वासात शंभर शब्द म्हणून दाखवणाऱ्या रॅपरची आणि दहा मिनिटे तान घेणाऱ्या गवयाची चूक एकच असते.

आणि हे सगळे ज्या दिवशी आपण सर्वांत जास्त विसरतो, तो दिवस म्हणजे चौदा एप्रिल. डीजेच्या भिंती उभ्या राहतात, वर्गणीतला मोठा वाटा त्यांना जातो, आणि ज्या गीतांनी आपल्या आजोबांना शाळेचा रस्ता दाखवला, त्याच गीतांतला एकही शब्द कळत नाही. याला कारणही आहे. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि क, त, स, श ही अक्षरे उच्चारात फार नाजूक असतात. ढोलाचा जड दणका त्यांना गिळून टाकतो. मागे उरतात ते स्वर आणि छातीतला हादरा. १९३०च्या दशकात खेड्यातला जलसा कंदिलाच्या उजेडात, विना माईक चाले. पण शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही सवाल-जवाब कळत, कारण शाहीर अक्षर तोडून म्हणत असे आणि कोणाचाही शब्द चालू असताना ढोलकी दबकी वाजे. पोरांना डीजे हवाच असेल तर भांडू नका. एक तास मागून घ्या. त्या एका तासात ठेका खाली आणि शब्द वर ठेवा, आणि एका लहान मुलाला शेवटच्या रांगेत उभे करून विचारा की गोष्ट काय होती. त्याला सांगता आली नाही तर आवाज आणखी कमी करा.

घरी आजपासून करता येईल असे एक काम सांगून थांबतो. पुण्णिकेच्या सोळा गाथांचा मराठी अनुवाद विहारातून मिळवा. आधी नुसत्या वाचा आणि श्वासाच्या खुणा करा. मग माणसे वाटून घ्या. पुण्णिकेचे बोलणे घरातल्या मुलीला द्या. ब्राह्मणाचे आजोबांना द्या. ज्यांनी आयुष्यभर भारुडात सोंगे घेतली त्यांना थंडीने कुडकुडत बोलणे शिकवावे लागणार नाही. रॅपवेड्या नातवाला पिठाचा रिकामा डबा द्या आणि ठेका धरायला सांगा. बेडूक-कासवांच्या ओळीला ठेका जरा जलद, आणि 'वस्त्र तुलाच राहू दे' येथे तो पूर्ण बंद. आई झील धरील. पहिल्या दोन-तीन वेळा हसू येईल, ते येऊ द्या. ब्राह्मणाच्या तोंडी आजोबांनी पदरचे एखादे वाक्य घातले, तर मुलीनेही पदरचे उत्तर द्यावे; जलशात असेच चालत असे.